भैरवीला सगळे स्टॉप

“भैरवीला सगळे स्टॉप ओढ,” आठल्ये सर म्हणाले.

मी ऑर्गनवरची धूळ पुसत होते. राजापूरहून रत्नागिरीपर्यंत आम्ही तो टेम्पोत गोधड्यांमध्ये गुंडाळून आणला होता, तरी लाल धूळ आत कुठून शिरते ते देवालाच ठाऊक. नाट्यगृह रिकामं होतं. संध्याकाळची वेळ मुंबईच्या एका कंपनीनं आधीच अडवून ठेवलेली, त्यामुळे आम्हा हौशी लोकांच्या वाट्याला रविवारची दुपार आली होती. पडदा उघडायला अजून अवकाश होता. सर अर्ध्या मेकपमध्ये, दाढी न चिकटवताच रंगमंचावरून खाली उतरून आले होते.

“सगळे?” मी विचारलं.

“मराठीत कळत नसेल तर इंग्रजीत सांगतो. पुल आउट ऑल द स्टॉप्स. नववीत शिकवलंय तुला.”

“पण सर, सगळे ओढले तर तुम्ही कुणाला ऐकू येणार?”

“तेच हवंय गो मला,” ते म्हणाले. एवढ्या चार शब्दांतसुद्धा त्यांचा आवाज दोनदा फाटला.

गेले चार-पाच महिने हे असंच चाललं होतं. सुरुवातीला सरांनी खडूच्या धुळीला दोष दिला, मग पाण्याला, मग बापूंच्या तंबाखूला. ती खात बापू, आणि घसा बसे सरांचा. ज्येष्ठमध झाला, काढे झाले, मिठाच्या गुळण्या झाल्या. तालमींना ते पदं नुसती गुणगुणून सोडून देत आणि “राखून ठेवतोय” म्हणत. बापू खानविलकर म्हणजे आमच्या मंडळाचे सर्वेसर्वा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. राजाचं काम या खेपेला दुसऱ्या कुणाला देऊन पाहू का, असं त्यांनी एकदा चाचरत विचारलं. सर फक्त “नाही” म्हणाले, आणि असे काही म्हणाले की बापूंनी पुन्हा तो विषय काढला नाही.

नाटक आमचंच होतं, मंडळातल्याच एका जुन्या मास्तरांनी लिहिलेलं. म्हातारा राजा राज्य सोडून वनात जायला निघतो आणि जाताना भैरवी म्हणतो, ‘दार उघडे ठेवुनी जातो’. खरं सांगायचं तर नाटक बेतासबात होतं. लोक येत ते त्या भैरवीसाठी, आणि ती भैरवी म्हणजे आठल्ये सर. मी परकरात होते तेव्हापासून तो राजा त्यांच्याच अंगावर होता. आता ती भैरवी रत्नागिरीकरांसमोर फाटली तर काय होईल, ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रत्नागिरीचा प्रेक्षक ओरडत नाही, शिट्या मारत नाही. तो खोकतो. एकानं सुरुवात केली की रांगच्या रांग खोकते, आणि त्यानंतर त्या नटाला पुन्हा त्या गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

“पट्टी उतरवू या,” मी म्हटलं. “काळी एकवरून खाली येऊ. कुणाला कळणारसुद्धा नाही.”

“मला कळेल.”

“मग अंतरा गाळू.”

“वृंदा, तू माझी विद्यार्थिनी आहेस की वकील?” सर हसले आणि हसताहसता खोकले. “सांगितलंय तेवढं कर. मी तोंड उघडलं की तू गुडघा लाव. पद संपेपर्यंत काढू नको.”

गुडघ्याची ती गोष्ट सांगायला हवी. आमच्या ऑर्गनला समोरच्या फळीवर ओळीनं गोल खुंट्या होत्या, त्यांनाच स्टॉप म्हणतात. एकेक बाहेर ओढला की सुरांची एकेक रांग बोलू लागते. एक मऊ, एक खणखणीत, एक पोटात घुमणारी. पण दोन्ही हात वाजवण्यात गुंतलेले असताना खुंट्या कोण ओढत बसणार? म्हणून पट्ट्यांच्या खाली, डाव्या गुडघ्याजवळ एक दांडी असते. ती गुडघ्यानं बाजूला दाबली की सगळे स्टॉप एकदम उघडतात. गुडघा काढला की पुन्हा होते तसे. समोर बसलेल्याला काही दिसत नाही.

हे सगळं मला दादांनी शिकवलं, म्हणजे माझ्या वडिलांनी. आम्ही गुरव. देवळात सनई आणि मंडळात ऑर्गन, दोन्ही आमच्याच घरात. पण ‘पुल आउट ऑल द स्टॉप्स’ हे मात्र सरांचं. नववीच्या इंग्रजीच्या पुस्तकात एका धड्याखाली वाक्प्रचार दिले होते, त्यात हा एक. गाईडात अर्थ लिहिलेला होता, पराकाष्ठा करणे. आम्ही तो पाठ करून मोकळे झालो होतो.

“कुठले स्टॉप? आणि ओढायचे कुठून?” सरांनी वर्गात विचारलं. कुणीतरी म्हणालं, एसटीचे. वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत. “चला, उठा,” म्हणाले, आणि सगळ्या वर्गाला दुपारच्या उन्हात चालवत मंडळाच्या खोलीवर घेऊन गेले. दादा तिथं भात्याला ठिगळ लावत बसले होते. एवढी पोरं एकदम बघून त्यांनी घाईघाईनं सदरा चढवला.

सरांनी आम्हाला ऑर्गनभोवती उभं केलं. विलायतेत मोठ्या चर्चमध्ये भिंतभर नळ्यांचा ऑर्गन असतो, ते सांगू लागले. प्रत्येक स्टॉप म्हणजे नळ्यांच्या एका रांगेचं दार. दार बंद तर वारा आत जात नाही आणि नळ्या मुक्या. वाजवणारा हवे तेवढेच स्टॉप ओढतो. पण मोठा सण असेल, सगळ्या गावानं एका सुरात प्रार्थना म्हणायची असेल, तर सगळे ओढतो, आणि मग चर्चच्या काचा थरथरतात. यावरून मग माणसानं काही हातचं न राखता जीव तोडून काम केलं की इंग्रज म्हणू लागले, याने सगळे स्टॉप ओढले. “आता दाखवा, दादा,” ते म्हणाले.

दादांनी एकेक खुंटी ओढत एकच सूर धरून ठेवला. सूर जाड होत गेला, रुंद होत गेला, आणि शेवटची खुंटी ओढली तेव्हा कौलांवरचे कावळे उडाले. पोरी कानांवर हात ठेवून खिदळल्या. दादांचे पाय खाली भराभर चालले होते आणि कपाळावर घाम आला होता. तो मात्र कुणी पाहिला नाही. सगळे स्टॉप उघडले की ऑर्गन वारा नुसता पितो, आणि तो पुरवायचा पायांनी.

“सर, सगळे ओढले की इतकं छान वाजतं तर एरवी बंद का ठेवतात?” मी विचारलं. दादांची पोर म्हणून मला तिथं जरा जास्तच धीट वाटत होतं.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. “कारण एरवी कोणीतरी गात असतं,” ते म्हणाले.

दादा गेल्यावर त्यांच्या बाकावर मी बसले. बाईमाणूस साथीला म्हणून चार लोकांनी नाकं मुरडली, पण सरांनी त्यांना एका वाक्यात गप्प केलं. “ती साथ करते की नाही ते मला विचारा, मी गातो.” साथ म्हणजे काय तेही मला त्यांच्याच गाण्यानं शिकवलं. ते श्वास कुठं घेणार, कुठल्या सुरावर रेंगाळणार, कुठं उगीच हुलकावणी देणार, हे मला त्यांच्या मानेवरून कळे. सगळी वर्षं मी त्यांच्या मागून एक मऊ स्टॉप घेऊन चालले. दादा त्या स्टॉपला बासरी म्हणत. आणि त्या दुपारी मला सांगण्यात येत होतं की गाणाऱ्याच्या अंगावर सगळा ऑर्गन ओत.

मला ते पटलं नाही, पण मी हो म्हटलं. खोकणारी ती रांग माझ्याही डोळ्यांसमोर होती.

नाटक सुरू झालं. पहिल्या अंकात सरांची दोन पदं. एक त्यांनी निम्मं गाऊन सोडलं, दुसरं जवळजवळ बोलून टाकलं. अभिनयाच्या जोरावर ते निभावलं. तिसऱ्या अंकात एका ओळीला आवाज असा चिरफाळला की पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घसा खाकरला. रंगमंचासमोरच्या खोलगट जागेत माझ्या शेजारी तबल्यावर दत्ता शेट्ये होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. विंगेत बापू हात जोडून उभे होते, ते देवाला की सरांना, कळत नव्हतं.

मग शेवटचा प्रवेश आला. राजा मुकुट उतरवून ठेवतो. सर पुढे आले, मधल्या माईकपाशी. तो माईक आमच्या डोक्यावरच लोंबत होता. मी भैरवीचे सूर धरले, नेहमीच्या मऊ स्टॉपवर. सरांनी छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि मी गुडघा लावला.

तोवर मी तो ऑर्गन असा कधीच वाजवला नव्हता. बाक थरथरत होता. पट्ट्यांमधून सूर हातात शिरत होते. पाय मारता मारता मांड्या भरून आल्या, पण थांबायची सोय नव्हती. क्षणभर ढील दिली असती तर सगळा डोलारा खाली बसला असता. मी सरांकडे बघत होते. त्यांचे ओठ हलताना दिसत होते, मानेच्या शिरा दिसत होत्या. मुखडा झाला. अंतरा आला, जिथं भैरवी वरच्या षड्जाला जाऊन त्याच्याही पुढे कोमल गंधाराला हात लावून येते. तिथं सरांनी मिटलेले डोळे एकदम उघडले. कुणीतरी हाक मारल्यासारखे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं की मला वाटलं, मी त्यांना बरोबर वाचवतेय, म्हणून ते आभार मानताहेत. मला भरून आलं. मी आणखी जोरानं पाय मारले.

पद संपलं आणि प्रेक्षागृह उठून उभं राहिलं. रत्नागिरीचं प्रेक्षागृह! टाळ्या थांबेनात. बापू विंगेत उड्या मारत होते. मग बाल्कनीतून पहिली आरोळी आली.

“वन्स मोअर!”

दुसरी खालून, तिसरी मागून, मग सगळीकडून.

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काय, असं वाटेल. पण संगीत नाटकात वन्स मोअर नाकारत नाहीत. ताप असो, सुतक असो, प्रेक्षकांनी मागितलं की नट पुन्हा पहिल्या ओळीवर उभा राहतो. तो रिवाज सरांनी एकदाही मोडला नव्हता, आणि आज मोडतील ही आशाच नव्हती. मी जिवाच्या करारानं मिळवून दिलेल्या टाळ्यांनीच त्यांना पुन्हा उभं केलं होतं. मी गुडघा दांडीपाशी नेऊन तयार ठेवला.

सरांनी लोकांना वाकून नमस्कार केला आणि तसेच वाकलेले असताना रंगमंचाच्या कडेशी, माझ्या डोक्यावर आले.

“आता एकच ठेव,” ते म्हणाले.

“सर?”

“एकच गो. सापडलाय मला.” त्यांचे डोळे चमकत होते. दहावीचा निकाल बघून आलेल्या पोराचा चेहरा असतो, तसा चेहरा होता. “गुडघा लावू नको. काही झालं तरी.”

मी मऊ स्टॉपवर भैरवी धरली. प्रेक्षागृह बसलं, शांत झालं. सरांनी श्वास घेतला. तोंड उघडलं.

काही आलं नाही.

फाटलेला सूर नाही, खरखर नाही. नुसता वारा. मी मुखडा पुन्हा वाजवून आणला, जसं काही तो तसाच दोनदा वाजवायचा असतो. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा नुसता वारा. माझा गुडघा आपोआप दांडीकडे गेला. सरांनी ते पाहिलं, आणि मान हलवली. नाही.

मग ते हात जोडून तसेच उभे राहिले. मी काय करणार होते? मी ती भैरवी एका स्टॉपवर वाजवत राहिले, मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा, ते जसं गात तसं, त्यांच्या श्वासांच्या जागा सोडून. दत्तानं तबला थांबवला होता. प्रेक्षागृहात हूं की चूं नव्हतं. कुणी खोकलंही नाही. राजा वळला, हळूहळू पाठमोरा चालत गेला आणि पडदा पडला. आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण टाळ्या पहिल्यापेक्षा जास्त झाल्या. लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. राजा जातो आणि मागे नुसते सूर राहतात. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्रात एकानं तसं छापलंसुद्धा, आणि दिग्दर्शकाच्या कल्पकतेला दाद दिली. बापूंनी ते कात्रण मंडळाच्या खोलीत लावलं.

मी पडद्यामागे धावले. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते. सर सिंहासनावर बसले होते, दाढी अर्धी सुटून लोंबत होती. मला पाहून त्यांनी जवळ बोलावलं. त्यांचं बोलणं ऐकायला मला त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागला.

“पहिल्या वेळी लागला होता,” ते कुजबुजले. “भिऊन गायला गेलो, आणि लागला. वर गंधारापर्यंत मोकळा. पंचविशीतसुद्धा असा लागला नव्हता गो.” त्यांनी माझं मनगट धरलं. “तू अगदी जवळ होतीस. तू ऐकलास ना?”

मी ऐकला नव्हता. त्या बाकावर बसून सगळे स्टॉप उघडल्यावर शेजारी तोफ उडाली तरी कळणार नाही. मला फक्त त्यांचे ओठ दिसले होते. मला त्यांच्या मानेवरून श्वास कळतो हा माझा तोरा, आणि त्या चेहऱ्यावरचं हसू मला साफ चुकीचं कळलं होतं. ते आभार नव्हते. हरवलेलं माणूस दारात उभं दिसावं तसा त्यांना त्यांचा आवाज दिसला होता, आणि त्याच वेळी मी आणखी जोरानं पाय मारले होते.

“हो सर,” मी म्हटलं.

“गंधार?”

“गंधारसुद्धा.”

त्यांनी डोळे मिटले आणि मनगट सोडलं.

रंगपटाबाहेर काकू, सरांच्या पत्नी, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी त्यांना म्हटलं, “सरांना आता महिनाभर गप्प बसवा, काकू. घसा पार गेलाय.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “परवा ह्यांना मिरजेला न्यायचंय,” त्या म्हणाल्या. “ऑपरेशन आहे. गळ्यातली गाठ चांगली नाही. सगळं काढून टाकावं लागणार म्हणाले डॉक्टर, बोलायचंसुद्धा. महिना झाला कळून. त्यांनी मला शपथ घातली होती, नाटक होईपर्यंत कुणाला सांगशील तर.”

मी तिथंच खाली बसले. काकूंनी पिशवीतून थर्मास काढला आणि मला चहा दिला. मला! तो चहा मी कसा प्यायले ते मला आठवत नाही.

सरांनी मला सांगितलं असतं तर, हा विचार मी आजवर इतक्या वेळा केलाय की त्याची धारच गेली. दुपारी सांगितलं असतं, की वृंदा, हे शेवटचं आहे, तर मी भांडले असते. पट्टी उतरवली असती, पाया पडले असते, पण तो गुडघा लावला नसता. फाटला असता आवाज तर फाटला असता. खोकले असते चार लोक. पण त्यांनी लोकांच्या खोकण्याला भिऊन झाकायला सांगितलं, मीही त्याच भीतीनं झाकलं, आणि झाकलं काय, तर त्यांच्या सगळ्या जन्मातलं सगळ्यात चांगलं गाणं. याचं मला फार वाईट वाटतं. अजूनही वाटतं.

कुणीतरी ऐकलं असेल म्हणून मी शोधत फिरले. दत्ताला विचारलं. “तुझ्या ऑर्गनपुढे मला माझा तबला ऐकू येईना, आणि सर काय विचारतेस!” तो म्हणाला. बापूंनी प्रयोग टेप केला होता. ती कॅसेट मी घरी आणली, स्पीकरला कान लावून ऐकली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऑर्गन आणि मग टाळ्या. पहिल्या रांगेत बसलेल्या माझ्या मावसबहिणीला विचारलं, तर ती म्हणाली, “काय लागला होता गं आवाज! सगळं थिएटर घुमलं.” घुमलं ते काय, हे मला माहीत होतं.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. सर चार महिन्यांनी राजापूरला परतले. गळ्याशी भोक, त्यावर मलमलीचा पातळ रुमाल. आयुष्यभर बोलून पोट भरलेला माणूस, त्याच्या हातात आता दगडी पाटी होती, शाळकरी पोरांची असते तशी, लाकडी चौकटीची. मी भेटायला गेले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझी खुशाली विचारली नाही, मंडळाची नाही. पाटीवर लिहिलं, ‘गंधार कसा होता?’

आणि मी सांगितलं.

काय सांगितलं? मी त्यांची भैरवी शेकडो वेळा साथीला वाजवली होती. ती सगळी एकत्र करून मी एक गाणं रचलं. सांगितलं, सर, मुखड्याला तुम्ही ‘दार’ या शब्दावर जरा थांबलात, नेहमीपेक्षा किंचित जास्त. ‘उघडे’ला आवाज असा सुटला की माझी बोटं मागे राहिली. षड्ज लागला तो अलगद, घासून नाही. गंधाराला तुम्ही नुसता हात लावला नाहीत, तिथं उभे राहिलात. सर डोळे मिटून ऐकत होते. एका जागी त्यांची मान बारीकशी हलली, समेवर हलते तशी. काकू स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

मग तो नेमच झाला. दर महिन्याला, कधी पंधरा दिवसांनी मी जाई. इकडचं तिकडचं झालं की पाटी माझ्याकडे वळे. ‘सांग.’ आणि मी सांगे. कधी सांगून पुरेनासं झालं की मी ओळ म्हणून दाखवी, माझ्या त्या साध्या आवाजात. मी काही गाणारी नव्हे. ते हातानं सुधारत, इथं खाली, इथं थांब. एकेका खेपेला गाणं वाढत गेलं. घरी परतताना मला स्वतःचीच शिसारी येई, आणि न जावं तर तेही जमत नसे.

शेवटच्या वर्षी ते अंथरुणालाच होते. एका सकाळी मी गेले तेव्हा काकूंनी त्यांना उशीला टेकवून बसवलं होतं. मी न विचारताच सांगायला सुरुवात केली. दारावरचं थांबणं सांगितलं, षड्ज सांगितला. गंधारापाशी आले आणि मला पुढे बोलता येईना. इतकी वर्षं सांगून सांगून ते गाणं मला खरंच ऐकू येऊ लागलं होतं, आणि ते माझं होतं, त्यांचं नव्हतं. मी तोंड झाकून रडले.

“सर,” मी म्हटलं, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

त्यांनी हात वर केला, वर्गात गलका थांबवायला करत तसा. पाटी ओढून घेतली. अक्षरं वाकडीतिकडी उमटत होती. बराच वेळ लागला. मग पाटी माझ्याकडे वळवली.

‘त्या बाकावर काही ऐकू येत नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.’

मी वाचलं. वर बघायचा धीर झाला नाही. पेन्सिल पुन्हा कुरकुरली, तेव्हा पाहिलं. त्यांनी तळहातानं ते सगळं पुसून टाकलं होतं आणि खाली एकच शब्द लिहिला होता.

‘सांग.’

मी डोळे पुसले आणि मुखड्यापासून सांगायला लागले.